शिवीगाळ केली, म्हणजे नेमकं काय केलं?

न्यायालयीन भाषांतराचं काम नव्याने घेऊ लागलेल्या एका मुलीने विचारलंय: "पोलिसांच्या कागदांत दर दुसऱ्या ओळीला 'शिवीगाळ' येतं. कुठे 'अर्वाच्य', कुठे 'अपशब्द', कुठे 'गलिच्छ भाषा'. हे सगळं एकच का? यातला 'गाळ' म्हणजे घाणच ना? आणि प्रत्यक्ष शिवी आली तर ती इंग्रजीत आणायची, की फुल्या टाकून मोकळं व्हायचं?"

पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाजवळ बसून मी पंचवीसहून जास्त वर्षं मराठी फिर्यादी, जबाब आणि भाडेकरार इंग्रजीत करते आहे. भाडेकरारात शिव्या नसतात, त्यांच्यावरून नंतर होतात. तेव्हा या प्रश्नावर बोलायला मला थोडाफार अधिकार आहे असं समजा.

आधी गाळाचं बघू. नाही, तो घाणीचा गाळ नाही. खडकवासला धरणातून उपसतात तो गाळ 'गळणे-गाळणे'च्या घरातला. शिवीगाळीतला गाळ संस्कृत 'गालि'मधून आलेला. हिंदीत ती गाली झाली, गुजरातीत गाळ, कोकणीतही गाळ. एक जुनं सुभाषित आहे. त्यातला माणूस शिव्या देणाऱ्याला म्हणतो, द्या द्या, तुमच्याकडे भरपूर आहेत, आमच्याकडे नाहीतच तर आम्ही कुठून देणार? ज्याच्याजवळ जे असतं तेच तो देतो, सशाचं शिंग कोणी कोणाला देतं का? तिथे शब्द 'गालि' हाच आहे. मराठीत हा गाळ एकटा उभा राहायचा थांबला. आता तो शिवीचा हात धरूनच येतो, म्हणून लोकांना वाटतं की शिवी ही चिखलासारखी घाण, म्हणून शिवीगाळ. अर्थ चुकीचा असला तरी कल्पना वाईट नाही.

म्हणजे शिवीगाळ हा एकाच अर्थाच्या दोन शब्दांचा जोड. असे जोड मराठीला फार आवडतात. कागदपत्र बघा, त्यात कागद बाहेरून आलेला आणि पत्र संस्कृत. बाजारहाट तसाच. एक शब्द कळला नाही तर दुसरा कळेल, असा दुहेरी बंदोबस्त.

पण जोड झाल्यावर एक गंमत होते, आणि तुमच्या सगळ्या प्रश्नांचं मूळ तिथेच आहे. शिवी मोजता येते, शिवीगाळ मोजता येत नाही. 'त्याने मला तीन शिव्या दिल्या' असं म्हणता येतं, 'तीन शिवीगाळी केल्या' कोणी म्हणत नाही. शिवी देतात, घालतात, हासडतात. शिवीगाळ फक्त करतात. शिवी हा शब्द असतो, शिवीगाळ हे कृत्य असतं. 'शिवीगाळ केली' या वाक्यात काय घडलं ते कळतं, काय बोललं गेलं ते अजिबात कळत नाही. पिशवीवर 'भाजी' लिहिलंय, आत मेथी आहे की दोडका ते उघडल्याशिवाय समजत नाही, तसं.

आता पोलिसांच्या कागदातलं नेहमीचं वाक्य घ्या: 'शिवीगाळ, दमदाटी करून हाताने व लाथाबुक्क्यांनी मारहाण करून जिवे ठार मारण्याची धमकी दिली.' हडपसर असो, कोथरूड असो की येरवडा, वाक्य तेच. फिर्यादी घाबराघुबरा होऊन अर्धा तास बोललेला असतो आणि कागदावर हे एक वाक्य उतरतं. मी हे हवालदाराला नावं ठेवण्यासाठी सांगत नाही. रात्री दोन वाजता लिहून घेणारा माणूस साच्यात लिहिणारच. पण भाषांतर करणाऱ्याने हे ओळखावं की 'शिवीगाळ' हा शब्द बहुतेक वेळा फिर्यादीचा नसतो, लेखनिकाचा असतो. फिर्यादी म्हणालेला असतो 'तो मला वाट्टेल तसं बोलला', 'आईवरून बोलला', 'माझी आई काढली', 'अद्वातद्वा बोलला', 'तोंडाला येईल ते बोलला', नाहीतर नुसतं 'एकेरीवर आला'. हे सगळे ओहोळ एकाच शिवीगाळीत सोडले जातात.

त्यातलं 'एकेरीवर येणं' मला सर्वांत अवघड जातं. इंग्रजीत 'यू'ला एकेरी-अनेकवचनी नाही. सोसायटीचे चेअरमन पासष्ट वर्षांचे, समोरचा तिसाव्या वर्षातला भाडेकरू. गाडी आडवी लावण्यावरून सुरू झालं, 'तुम्ही'चं 'तू' झालं. चेअरमनसाहेबांच्या लेखी तिथेच शिवीगाळ झाली. पुढे एकही वाईट शब्द आला नाही. असा एक कागद माझ्याकडे आला होता. मूळ जबाबात 'मला अरेतुरे करून शिवीगाळ केली' असं होतं आणि पूर्ण वाचल्यावर लक्षात आलं की अरेतुरे हीच शिवीगाळ, वेगळी काही नव्हतीच. मी भाषांतरात लिहिलं की त्यांना हलक्या, अनादराच्या एकेरी सर्वनामाने संबोधलं, आणि 'अरेतुरे' हा शब्द रोमन अक्षरांत तसाच ठेवला. वाक्य लांबलचक झालं, पण खोटं झालं नाही.

दुसऱ्या टोकाचा घोटाळाही असतो. रोजच्या बोलण्यात 'शिव्या' म्हणजे नुसतं रागावणंही असतं. 'आज साहेबांच्या शिव्या खाल्ल्या', 'उशीर झाला तर आई शिव्या घालेल'. ती आई आयुष्यात 'गाढवा'च्या पुढे गेलेली नसते. घरकाम करणाऱ्या एका मावशींच्या जबाबात 'मालकीणबाईंनी शिव्या दिल्या' असं होतं. वकील मला म्हणाले, 'फिल्दी अब्यूजेस' लिहा. मी मावशींना विचारायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "'अक्कल गहाण टाकलीय का' म्हणाल्या." एवढंच. तो अपमान होताच, पण घाणेरडी भाषा नव्हती. मी वकिलांच्या म्हणण्याप्रमाणे लिहून दिलं असतं तर उलटतपासणीत मावशी खोट्या ठरल्या असत्या, माझ्या विशेषणामुळे.

आता बाकीचे शब्द. अपशब्द हा सभ्य घरातला शब्द. पेपरात, सभागृहात, राजीनाम्यात वापरायचा. त्याची कक्षा मोठी आहे, 'मूर्ख' हाही अपशब्द होऊ शकतो. शिवराळ हे विशेषण, माणसाला किंवा त्याच्या जिभेला लावायचं, एका प्रसंगाला नाही. शेलकी विशेषणं म्हणजे निवडून काढलेली. शेलका म्हणजे निवडक, उत्तम. शेलका माल हा कौतुकाचा शब्द, पण शेलक्या शब्दांत सुनावलं की कौतुक संपलं. लाखोलीचंही तसंच. देवाला एक लाख फुलं किंवा बेलाची पानं मोजून वाहायची ती लाखोली. शिव्यांची लाखोली म्हणताना क्रियापद बदललेलं नाही, तीही 'वाहतात'च. उद्धारही तसाच, पितरांचा करायचा तो भांडणात सात पिढ्यांचा होतो. मराठी माणूस शिव्यांबद्दल बोलताना देवघरातले शब्द का आणतो यावर मी पुष्कळ विचार केलाय, आणि माझं मत असं की आपल्याला दोन्ही कामं मनापासून करायला आवडतात.

'अर्वाच्य'वर मात्र थांबावं लागेल. मूळ संस्कृत शब्द 'अवाच्य', जे उच्चारू नये ते. मराठीत कुठूनतरी रफार येऊन बसला आणि 'अर्वाच्य' झालं. आता तेच रूढ आहे, ते सुधारायला जाऊ नका. फक्त 'अर्वाचीन'शी गल्लत करू नका. एका शिकाऊ मुलाने माझ्या देखत 'अर्वाच्य भाषेत'चं भाषांतर 'आधुनिक भाषेत' असं केलं होतं. आरोपीने फिर्यादीला आधुनिक भाषेत आईवरून बोल लावले. मी तो कागद बरेच दिवस जपून ठेवला होता.

अर्वाच्य हे कृत्याचं नव्हे, भाषेचं विशेषण आहे. लिहिणाऱ्याला शब्द माहीत आहेत, पण तो ते लिहिणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. तिथेही पिशवी बंदच.

आता शिवी प्रत्यक्ष आली की काय करायचं. इथे मी स्वतः तोंडघशी पडले आहे, म्हणून सांगते. सुरुवातीच्या काळात एका ठेकेदाराचं प्रकरण होतं. मजुरांची आगाऊ रक्कम घेऊन तो गायब झालेला, नंतर सापडला तेव्हा मुकादम त्याला 'हरामखोर' म्हणाला. मी बेधडक 'बास्टर्ड' लिहून मोकळी झाले. समोरच्या वकिलांनी बरोबर पकडलं. ते म्हणाले, माझ्या अशिलाच्या जन्मावर शिंतोडे उडवले. जन्मावरची शिवी 'हरामजादा', म्हणजे हरामातून जन्मलेला. हरामखोर म्हणजे हरामाचं खाणारा, न कमावलेलं खाणारा. मजुरांचे पैसे खाल्लेल्या माणसाला तो शब्द अगदी मापाने शिवल्यासारखा बसत होता. मुकादमाने आरोप केला होता आणि मी त्याची आईवरची शिवी करून ठेवली. फेरभाषांतर द्यावं लागलं, पैसे अर्थातच मिळाले नाहीत.

तेव्हापासूनची माझी पद्धत अशी: शिवी आधी रोमन अक्षरांत जशीच्या तशी, मग चौकटी कंसात तिचा शब्दशः अर्थ, आणि इंग्रजीतली 'तशीच' शिवी कधीही नाही. इंग्रजी शिवी आली की तिचं वजन इंग्रजी असतं. आपल्या जुन्या शिव्या माणसाच्या नशिबावर, घरावर, मरणावर जातात: मेल्या, मुडद्या, दळभद्र्या, काळतोंड्या, अवदसा. त्यांना इंग्रजीत जोड नाही, आणि ती शोधायची गरजही नाही.

झिजलेल्या शिव्यांची गोष्ट वेगळी. 'च्यायला' हा '...च्या आईला'चा उरलेला तुकडा. पुढचं सर्वनाम गळालं, मागचं क्रियापद गळालं, मधली आई तेवढी राहिली. आता पाऊस आला तरी च्यायला, विकेट पडली तरी च्यायला. 'आयला' तर त्याहून निरागस. जबाबात 'च्यायला, तू इथे कसा' असं आलं तर ती शिवी नाही, उद्गार आहे. त्याच माणसाने बोट रोखून पूर्ण रूप वापरलं तर ती शिवी. साक्षीदार पूर्ण रूप बोलला की तुकडा, हे भाषांतरात दिसलं पाहिजे.

उलटा प्रवास केलेला शब्द म्हणजे 'रांड'. संस्कृत रण्डा, अर्थ विधवा. जुन्या मराठीत तो नुसती स्थिती सांगायलाही येई, 'रंडकी' हे त्याचंच रूप. ज्या समाजाने नवरा गेलेल्या बाईला अशुभ मानलं, त्याच समाजाने तिच्या स्थितीच्या नावाची शिवी केली आणि वर तिला बदचालीचा अर्थ चिकटवला. त्यातूनच निघालेलं 'रांडेच्या' मात्र कोल्हापूर-साताऱ्याकडे जिवलग मित्र एकमेकांना गळ्यात हात टाकून म्हणतात. पुण्यात नव्याने आलेल्या पोराने तेच सदाशिव पेठेतल्या घरमालकाला प्रेमाने म्हटलं तर खोली सोडावी लागेल.

आता कायद्याचं, थोडक्यात, कारण ते वकिलांनी बघायचं. पण भाषांतर करणाऱ्याला कशावर नजर ठेवायची ते कळायला हवं. पूर्वीच्या दंड संहितेचं कलम ५०४, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३५२. त्याचा गाभा शिवी हा नाहीच. हेतुपुरस्सर अपमान, त्यातून समोरच्याला चिथावणी, आणि त्याने शांतता भंग करावी असा उद्देश किंवा जाणीव, असं ते आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, पण गुन्हा अदखलपात्र, म्हणून चौकीत 'एनसी', म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, करून पाठवतात. २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रत्यक्ष उच्चारलेले शब्द तक्रारीत आलेच पाहिजेत असा नियम नाही, तक्रार एकत्र वाचायची. म्हणजे पिशवी बंद असली तरी तक्रार लगेच फेकून देत नाहीत. पण नियम नाही म्हणून शब्द गाळायचे, हा शहाणपणा कोणी शिकवला तर ऐकू नका.

अश्लील शब्दांचं कलम वेगळं, पूर्वीचं २९४, आताचं २९६. हवालदार 'अश्लील शिवीगाळ' असं सहज लिहितो, पण अश्लील आणि शिवराळ यांत फरक आहे. मार्च २०२४ मध्ये एका वेबमालिकेतल्या भाषेवरून सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक केला: शिवीचा शब्दशः अर्थ लैंगिक असला, तरी बोलणाऱ्याच्या मनात तो नसतो, त्याच्या मनात राग असतो, वैताग असतो. म्हणून मूळ कागदात 'गलिच्छ' असेल तर 'अश्लील' लिहू नका. एका विशेषणाने कलम बदलू शकतं.

सगळ्यांत जास्त जपायचं ते जातिवाचक शिवीगाळीत. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९चा. त्याच्या २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर कलम ३(१)(एस) मध्ये अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला जातीच्या नावाने शिवीगाळ करणं हा गुन्हा सरळ लिहिलेला आहे, आणि ती लोकांच्या नजरेच्या टप्प्यात झालेली असायला हवी. २००८च्या एका निकालात न्यायालयाने सांगितलं की जागा खासगी असली तरी बाहेरून लोकांना दिसत असेल तर ती या अटीत बसते. २०२०च्या निकालात घराच्या चार भिंतींआड, बाहेरचं कोणी नसताना झालेली शिवीगाळ बसत नाही असं ठरलं. म्हणजे सगळा खेळ जागेवर. आणि आपल्या जागांना इंग्रजीत नावं नाहीत! ओटा, ओसरी, जिना, पडवी, गॅलरी, बोळ.

एकदा माझ्याकडे कागद आला, त्यात 'चौकात जातिवाचक शिवीगाळ केली' असं होतं. माझ्या आधीच्या भाषांतरकाराने 'अ‍ॅट द क्रॉसरोड्स' केलं होतं. पण पत्ता पेठेतला, आणि फिर्यादी राहत होती जुन्या वाड्यात. तो चौक रस्त्याचा नव्हताच, वाड्याच्या आतला होता. मोकळा, चारी बाजूंनी भाडेकरूंची दारं, मध्ये नळ. रस्त्यावरचा चौक म्हटलं तर दहा अनोळखी साक्षीदार कुठे आहेत असं विचारतील आणि बाई खोटी पडेल. घराच्या आत म्हटलं तर कलमच डळमळेल. मी लिहिलं: 'वाड्याच्या आतील सामाईक उघडा चौक, ज्यात इतर बिऱ्हाडांची दारे उघडतात.' बिऱ्हाडांची दारं हे माझं नव्हतं, पंचनाम्यात होतं. पंचनामा वाचल्याशिवाय जबाबाचं भाषांतर करू नका, हे त्या दिवशी पक्कं झालं.

आणि जातिवाचक शब्द असेल तर तो शब्द हवाच. फिर्यादीला तो पुन्हा उच्चारायला किती जड जातं ते मी पाहिलंय. कित्येक जण म्हणतात, "ताई, तुमच्यासमोर कसं बोलू?" मी बाई आहे म्हणून पुरुषांना लाज वाटते, बायकांना सगळ्यांचीच. मग मी चिठ्ठी आणि पेन पुढे सरकवते आणि खिडकीबाहेर बघते. चिठ्ठीवर शब्द येतो. पण ती चिठ्ठी वकिलांकडे जाते, माझ्या भाषांतरात मूळ कागदाबाहेरचं काहीही येत नाही. फक्त मूळ जबाबातच शब्द नाही, हे वकिलांना वेळेवर सांगणं माझं काम आहे असं मी मानते.

जाता जाता, सगळीच शिवीगाळ भांडणाची नसते. शिमग्याला बोंब मारून शिव्या द्यायची रीत आहे, म्हणून 'शिमगा करणं' हा वाक्प्रचार. पुण्याहून लोणंदच्या बाजूला गेलं की सातारा जिल्ह्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावं. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर जमून, हातवारे करत, वाद्यांच्या गजरात एकमेकींना शिव्या देतात. त्याला 'बोरीचा बार' म्हणतात. तिथे हजारो शिव्या होतात आणि शिवीगाळ मात्र होत नाही, कारण कोणाचा अपमान करायचा नसतो.

आणि पुण्यात नेमकं उलट. इथे शिवी न देता शिवीगाळ करणारे उस्ताद आहेत. शालजोडीतला जोडा तो हाच. 'आपण फारच शहाणे दिसता' या वाक्यात एकही वाईट शब्द नाही, 'आपण' तर आदरार्थी. माझ्याकडे खरंच असा जबाब आला आहे: 'मला शहाणे असे म्हणून शिवीगाळ केली.' काय करणार? 'वाइज' लिहिलं तर न्यायाधीश हसतील. 'उपरोधाने' हा शब्द मी घालू शकत नाही, कारण साक्षीदाराने तो वापरलेला नाही. मी 'शहाणे' तसाच ठेवला, शेजारी शब्दशः अर्थ दिला, आणि तळटीप टाकली की मराठीत हा शब्द खोचकपणेही वापरला जातो. प्रसंग कोणता ते कोर्टाने ठरवावं.

लिहिताना 'वी' दीर्घ, शिवीगाळ. 'शिविगाळ' बऱ्याच कागदांत दिसतं, ते चूक.

फुल्यांचं राहिलं. आपण होऊन एकही फुली टाकायची नाही, कितीही लाज वाटली तरी. पण मूळ कागदात हवालदाराने तीन फुल्या मारल्या असतील, आणि तो शब्द कोणता ते तुम्हाला पक्कं ठाऊक असलं तरी, भाषांतरात तीनच फुल्या.